सतरा क्विंटलची डिग्री

दादानं कॉलेजच्या फीचा कागद घेतला, चष्मा सापडला नाही म्हणून हात लांब करून वाचला आणि म्हणाला, "म्हणजे सतरा क्विंटल."

एक लाख वीस हजार भागिले सात हजार. दादा मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडत नाही. त्याला कुठलाही आकडा सांगा, दवाखान्याचं बिल, गाडीचं इंजिनकाम, लग्नातला आहेर, तो आधी त्याचा कापूस करतो आणि मगच त्याला ते महाग की स्वस्त ते कळतं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये होता, पण तो सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर, तिथं ओलावा ८ टक्क्यांच्या वर निघाला की भाव कटतो, १२ च्या वर निघाला की गाडी वापस, आणि नंबर लागेपर्यंत गाडीभाडं आपल्याच डोक्यावर. अंगणात येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याचा भाव सात हजाराच्या मागंपुढं. आमची पाच एकर कोरडवाहू, सगळा मिळून बावीस क्विंटल झाला, त्यातला अर्ध्याहून जास्त बियाणं-खत-फवारणी-वेचाईतच विकून झाला होता आणि नऊएक क्विंटल मधल्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत पडलेला, मे महिना लागला तरी. घरात कापूस भरून ठेवला की अंगाला कशी खाज सुटते ते ज्यांनी भरलाय त्यांनाच माहीत.

"तिन्ही वर्षाचे हायेत नं हे?" दादा म्हणाला.

"एका वर्षाचे, बाबा," पुतणी म्हणाली.

दादानं कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. पोट्टीच्या डोक्यात पत्रकारितेचं खूळ भरलं कोणी, तर काकानं.

आता माझं सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातला वार्ताहर, अठरा वर्षं झाली. वार्ताहर म्हटलं की शहरातल्या लोकांना वाटतं हा बातम्या देतो, ते खरं आहे पण अर्धंच आहे. तालुक्याचा वार्ताहर बातमी देतो, जाहिरात आणतो, वसुली करतो, पूर्वी तर पेपरची एजन्सीपण बहुतेक त्याच्याचकडं असायची. पगार नाही, जाहिरातीवरचं कमिशन हेच खरं उत्पन्न. म्हणजे सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हे आमचे चार हंगाम. माझ्या सुरुवातीला तर बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरजवळ द्यावं लागायचं, कागदावर लिहून, फोटो आत घालून, आणि संध्याकाळची गाडी चुकली की बातमी गेली. आता व्हॉट्सॲप आहे. बातमी लवकर जाते, पैसे तेव्हाही उशिरा यायचे आणि आत्ताही उशिराच येतात.

म्हणून ५ मे ला बारावीचा निकाल लागला, तिला आर्ट्सला ७१ टक्के पडले आणि ती म्हणाली की काका मले जर्नालिझमच करायचं आहे, तेव्हा पहिला नाही म्हणणारा मीच होतो. डीएड कर, बीएड कर, पोलीस भरती दे, काहीही कर. ती म्हणाली, "मग तुम्ही काऊन नाही सोडत?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजून नाही.

खरं पाहिलं तर या धंद्याला डिग्री लागतच नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, पत्रकाराला कायद्यानं काहीच लागत नाही, उद्या सकाळी कोणीही माईकला चॅनलचं नाव चिकटवून तहसीलसमोर उभा राहू शकतो आणि राहतोही. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारासाठी किमान पात्रता ठरवायला समिती नेमली होती, बराच गदारोळ झाला, पण आजही अशी सक्ती नाही. आणि आमच्या यवतमाळची परंपरा म्हणाल तर ती कॉलेजातून आलेलीच नाही, लोकमत आधी यवतमाळचंच साप्ताहिक होतं, १९७१ ला नागपूरहून दैनिक झालं. तेव्हा कोणाकडं होत्या या डिग्र्या. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर पत्रकारिता शिकवायची गोष्टही विदर्भाला नवी नाही, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ ला पत्रकारितेचा विभाग सुरू झाला तो रोलंड वूल्सली नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकानं येऊन केला, देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांतला एक. हे मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "तो अमेरिकेचा होता, त्याले कापूस विकाचा नव्हता."

पण मी स्वतः डिग्री घेतली होती. बीए झाल्यावर एक वर्षाचा बीजे, म्हणजे बॅचलर ऑफ जर्नालिझम. ते २००६ साल होतं आणि ते साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरू शकत नाही. कापसाचा हमीभाव दोन हजाराच्या आत, रोज कुठल्या ना कुठल्या गावातून आत्महत्येची बातमी, जूनच्या शेवटी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच वर्षी मुंबईत एका फॅशन वीकला पाचशेवर पत्रकार हजर होते, रॅम्पवर कपडे सुती होते, आणि तो कापूस पिकवणारे विमानानं तासाभराच्या अंतरावर मरत होते, तिथं बाहेरून येऊन टिकून बातम्या करणारे पत्रकार बोटावर मोजण्याइतके. पत्रकार पी. साईनाथ यांनी हा हिशोब मांडला होता. आमच्या सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि काहीही न बोलता कागद मिटून बाहेर निघून गेले होते, आम्ही बसून राहिलो, तास संपायला अर्धा घंटा बाकी होता.

याच सरांची एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझ्यासाठी डिग्री म्हणजे तेवढीच.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडं गारपीट झाली. मी सुट्टीत गावी होतो. मोठ्या हुशारीनं बातमी लिहून सरांना नेऊन दाखवली, फुलस्केपवर, समास सोडून. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: 'तालुक्यात झालेल्या गारपिटीमुळे शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले असून परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' सरांनी लाल पेन काढला. 'अतोनात'ला गोल, बाजूला लिहिलं, म्हणजे किती एकर? 'शेतकऱ्यांचे'ला गोल, किती जणांचे, एकाचं तरी नाव? 'हळहळ'ला गोल, कोणी व्यक्त केली, भेटलात का त्याला? पुढं मी कुठंतरी 'एकच खळबळ उडाली' असंपण लिहिलं होतं तर तिथं लिहिलं, दोन का नाही उडाल्या? आणि सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरात: नुकसान कोणी मोजलं?

मी म्हणालो, तलाठ्यानं मोजलं असेल नं सर.

"असेल?"

मग मी वापस गावी, तलाठ्याकडं. तो म्हणाला, पंचनामा अजून झालाच नाही, वरून आदेश नाही. गारपीट होऊन दहा दिवस झाले होते. म्हणजे बातमी ही होती की दहा दिवस झाले आणि कोणी मोजायलाच आलं नाही, आणि मी हळहळ घेऊन बसलो होतो. ती लाल कॉपी, म्हणजे बातमीचा तो कागद, अजून माझ्या पेटीत आहे, मार्कशीटच्या वर. मार्कशीट मला आजपर्यंत कोणी मागितली नाही.

तर पुतणीसाठी कॉलेज पाहायला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एवढा एकच निकष होता, तिथं कोणी कॉपी तपासतं का. बाकी सगळं मला ब्रोशरवाल्यांकडून शिकायला भेटलं.

पहिलं सतरा क्विंटलवालं. पहाटेच्या एसटीनं निघालो, तिचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण, २०२३ पासून बायामाणसांना अर्ध्या तिकिटात एसटी झाल्यापासून ती मला प्रत्येक प्रवासात ऐकवते की काका तुमचा खर्च जास्त आहे. शहरातलं खाजगी कॉलेज, काचेचं दार, आत एसी, रिसेप्शनला फुलं. आम्हाला ज्या मॅडम फिरवत होत्या त्या शिक्षक नव्हत्या, काउन्सेलर होत्या. स्टुडिओ दाखवला. हिरवा पडदा, दोन लाईट, आणि मधोमध कॅमेरा, प्लास्टिकचं कव्हर घातलेला. पुतणीनं विचारलं, हा चालू करून दाखवता का? मॅडम म्हणाल्या, टेक्निशियन सर आज लिव्हवर आहेत, कपाटाची चावी त्यांच्याजवळ असते. मी खाली वाकून पाहिलं तर ट्रायपॉडच्या पायाला कंपनीची चिकटपट्टी तशीच होती, म्हणजे तो आणल्यापासून कोणी पाय लांब करून उभाच केला नव्हता. मी म्हणालो, मॅडम, पोरांनी लिहिलेली एखादी तपासलेली कॉपी पाहायला भेटेल का. त्या म्हणाल्या, अटेंडन्सची कॉपी का सर?

बाहेर मोठा फ्लेक्स होता, १०० टक्के प्लेसमेंट, त्यावर आठ पोरांचे फोटो. पुतणीनं एकाचं नाव पाहून एसटीत बसल्याबसल्या इन्स्टावर शोधून काढला आणि घाटंजी यायच्या आत त्याच्याशी बोलूनपण झालं. तो पुण्याला इन्शुरन्सच्या कॉल सेंटरवर आहे. चांगला पोरगा, सगळं खरं सांगितलं, फीशिवाय लागणाऱ्या बाकीच्या पैशांचंपण, डेव्हलपमेंटचे वेगळे, ब्लेझरचे वेगळे, दिल्लीच्या टूरचे वेगळे. आणि म्हणाला, ताई, फोटो काढा म्हणून मी दोनदा मेल केला. मला त्या मुलाचं नाही, तिचं कौतुक वाटलं. मी अठरा वर्षांत कुठल्या फ्लेक्सवरच्या माणसाला फोन केला नाही. मी तर ते फ्लेक्स छापून देणाऱ्यांकडून कमिशन घेतलंय.

दुसरं आमच्या तालुक्याच्याच गावात, मोबाईलच्या दुकानाच्या वर. बोर्डावर दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं नाव आणि खाली 'अधिकृत स्टडी सेंटर'. तिथला माणूस फार प्रेमळ. फी तीन क्विंटल, हजेरी नाही, पेपर इथंच, पास होण्याचं टेन्शन नाही. दादा खुश झाला, तीन क्विंटलमध्ये डिग्री, वरून पोरगी घरी. इथं मात्र मी पत्रकार म्हणून थोडा कामाला आलो. डिग्री द्यायचा अधिकार विद्यापीठालाच असतो, आणि राज्याच्या कायद्यानं झालेल्या खाजगी विद्यापीठाला आपलं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात अशी दुकानं टाकता येत नाहीत. छत्तीसगडमध्ये तर एका कायद्याच्या आधारानं शंभराच्या वर खाजगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली होती, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ ला सुप्रीम कोर्टानं तो सगळा बाजार रद्द केला. घरबसल्या करायचंच असेल तर इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि दूरशिक्षणाच्या प्रत्येक कोर्सला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, वेगळी मान्यता असते ती त्या वर्षाची आहे का ते साईटवर पाहता येतं. बोगस विद्यापीठांची यादीपण तिथंच असते, नागपूरचं एक नाव त्यात वर्षानुवर्षं आहे. हे सगळं मी त्या प्रेमळ माणसाला विचारलं. तो म्हणाला, भाऊ तुम्ही पेपरवाले आहा नं, चहा घ्या.

आता माझा प्लॅन. मी म्हणालो, काही गरज नाही तीन वर्षं मास कम्युनिकेशन करायची. इथंच तालुक्याच्या कॉलेजात बीए कर, राज्यशास्त्र घे, अर्थशास्त्र घे, कारण पत्रकाराला लिहिता आलं पाहिजे हे खरं पण कशावर लिहायचं तेही माहीत पाहिजे, बजेट वाचता न येणारे पत्रकार मी रोज पाहतो, आरशातपण पाहतो. घरची भाकर, एसटीचा पास, वर्षाला एक क्विंटलपण लागणार नाही. मग शेवटी एक वर्ष बाहेर जा. पत्रकारितेची सरकारी संस्था आयआयएमसी १९६५ पासून दिल्लीत आहे पण २०११ पासून त्यांचं केंद्र अमरावतीलाही आहे, आपल्या घरापासून दोन गाड्या बदलून, तिथं मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. नाहीतर विद्यापीठाचा बीजे. चार वर्षांत सगळं मिळून दहा-बारा क्विंटल. मला स्वतःलाच हा प्लॅन इतका आवडला की मी तो कागदावर लिहून दादाच्या पुढ्यात ठेवला.

दादा हो म्हणाला. वहिनी हो म्हणाली. पुतणी काहीच बोलली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी बाहेर खाटेवर होतो, लाईट गेलेली, ती येऊन बाजेवर बसली. म्हणाली, "काका, तुमचा हिशोब बरोबर आहे. पण मी तीन वर्षं घरी राहिले तर तिसरं वर्ष येतच नाही." मी म्हटलं काऊन? म्हणाली, "दुसऱ्या वर्षाला पाहुणे येतीन. आताच मावशीनं दोन फोटो मागितले." मग जरा थांबून, "पोराले तुमचा प्लॅन चालते. मले नाही चालत."

मी अठरा वर्षं बातम्या देतोय, बालविवाह रोखले त्याच्या दिल्या, मुली शाळेतून गळतात त्याच्या दिल्या, पण आमच्याच वर्गातल्या किती पोरी बीए सेकंड इयरला हळद लावून गेल्या हे मी कधी मोजलं नव्हतं. ती बाजेवर बसून बोटांवर मोजत होती, तिच्या दोन वर्षं पुढच्या बॅचच्या सात जणी, नावं घेऊन. मी सगळं स्वस्त करून ठेवलं होतं आणि त्यातली सगळ्यात महाग गोष्ट कागदावर नव्हतीच.

मग पुन्हा शोधाशोध, आता बाहेर राहायचं हे धरून. आणि इथं दादाचं क्विंटलचं माप फार उपयोगाला आलं. आम्ही सगळे फी-फी करत होतो, तो म्हणाला, खोली केवढ्याची, मेस केवढ्याची, ते सांगा. पुण्याचं नाव मोठं, पण पुण्यात पोरीची कॉट आणि डबा यातच वर्षाचा कापूस जातो, तेव्हा ते आधीच सोडलं. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय जवळचं, केंद्रीय, तिथं जनसंचार शिकवतात, हिंदीतून. पण बहुतेक केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीला सीयूईटी ही प्रवेश परीक्षा लागते आणि तिचा फॉर्म मार्चमध्येच बंद झालेला, इकडं पोरं बारावीचे पेपर देत होती त्याच महिन्यात. तिच्या कॉलेजात कोणी सांगितलंच नाही. मी तालुक्याचा पत्रकार, मलाही माहीत नव्हतं, ही गोष्ट लिहिताना लाज वाटते पण लिहितो, पुढच्या वर्षी कोणाच्या तरी घरी बारावीचं पोर असेलच.

भाषेचं एक राहिलं. मास मीडिया, मीडिया स्टडीज अशी नावं असलेले बरेच कोर्स इंग्रजीतून. पुतणी जिल्हा परिषदेच्या शाळेची, तिचं इंग्रजी वाचण्यापुरतं. तिचा बाप म्हणतो इंग्रजीच घे, पुढं जाशीन. मला वाटतं इंग्रजी शिकावंच, न शिकून चालत नाही, पण ज्या भाषेत रागावता येतं त्या भाषेत आधी बातमी लिहून पाहावी. तिला विचारलं तर म्हणाली, पेपर मराठीत लिहायला भेटला पाहिजे आणि शिव्या इंग्रजीत खायला भेटल्या तरी चालते.

मग जूनमध्ये एका विद्यापीठाच्या विभागात गेलो. नाव लिहीत नाही, कारण ज्या सरांमुळं ते आवडलं ते थोड्या वर्षांत रिटायर होतील आणि मग माझी शिफारस खोटी पडेल. इमारत जुनी, जिन्यात पाण्याचे ओघळ, एक पंखा चालू आणि एक नुसता टांगलेला. कॅमेरे दोन, जुने, एकाचा पट्टा सुतळीनं बांधलेला. भिंतीवर पोरांचं भित्तीपत्रक, त्यात शहरातल्या सार्वजनिक नळांची मोजणी केली होती, कुठल्या वॉर्डात किती, चालू किती, तोट्या नाहीत किती. सर टेबलवर कागदांचा ढीग घेऊन बसलेले. मी काही विचारायच्या आधीच पुतणी म्हणाली, "सर, याच्यातली एक पाहू का?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ढिगातली सगळ्यात वाईट असेल अशी एक काढून दिली, नावाची जागा घडीनं झाकून. पानभर निळी शाई आणि तेवढीच हिरवी. त्यांचा पेन हिरवा होता. समासात एका जागी लिहिलं होतं, हे तुम्ही पाहिलं की तुम्हाला कोणी सांगितलं?

ती ते पान फार वेळ वाचत होती. मी खिडकीतून बाहेर पाहिलं, कारण डोळ्यात कचरा गेला होता असं म्हणू.

पूर्णवेळ शिक्षक किती विचारलं तर सर हसले आणि दोन बोटं दाखवली, बाकी तासिकेवर. हे काही चांगलं नाही, ते स्वतःच म्हणाले. हॉस्टेलला नंबर लागेल याची गॅरंटी नाही, इंटर्नशिपला पैसे भेटत नाहीत, एक पोरगी मागच्या वर्षी अर्ध्यातून सोडून गेली. तासभर बसलो, त्यातला पाऊण तास त्यांनी वाईटच सांगितलं. येताना एसटीत दादा म्हणाला, "हा माणूस कॉलेज विकतच नाही."

हिशोब असा झाला. फी अडीच क्विंटल. खोली आणि मेस, पोरींच्या दोन खोल्या पाहिल्या त्यातल्या स्वस्तातली धरून, महिन्याला पाच हजार, दहा महिने, सात क्विंटल. "म्हणजे शिकाचे अडीच आन् खाचे सात," दादा म्हणाला, आणि वहिनी म्हणाली की घरी काय उपाशी राहते का ती, घरचं खाणं तुम्ही कधी मोजलं? यावर कोणी काही बोललं नाही. आपण ओबीसीत येतो तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहात नंबर नाही लागला तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारापर्यंत भेटतात, उत्पन्नाची अट, टक्क्याची अट. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, आधारला लिंक केलेलं खातं, या कागदांसाठी सेतूच्या किती चकरा झाल्या ते लिहायला घेतलं तर हा लेख संपणार नाही. अर्ज केला. पण कुठलीही शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, मेसवाली बाई एक तारखेला मागते, तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे घरातूनच काढायचे हे दादानं ठरवलं. घरातून म्हणजे मधल्या खोलीतून.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात व्यापाऱ्याची गाडी आली. भाव ६९००. आभाळ भरून आलेलं, सरकी डोबून, म्हणजे लावून झाली होती, आता थांबून भाव वाढणार नव्हता. दोन हमाल कापूस गाठोड्यात बांधून काढत होते, अंगणात तीन पायांच्या घोडीला काटा टांगलेला. गाठोडं चढायचं, व्यापारी मोठ्यानं आकडा बोलायचा, त्याचा पोरगा वहीत लिहायचा. पुतणी ओट्यावर आपली वही घेऊन बसली होती, तीपण लिहीत होती. शेवटी बेरीज झाली, आठ क्विंटल एकेचाळीस किलो.

दादाच्या हिशोबानं नऊ होता. वाळून कमी होतो थोडा, दादा स्वतःच म्हणाला, कोणी काही विचारायच्या आधी.

पुतणी ओट्यावरून उतरली. बेरीज बरोबर होती, तिनं आधीच लावून पाहिली होती. ती काट्याजवळ गेली, वाकून त्याची मागची बाजू पाहिली आणि व्यापाऱ्याला म्हणाली, "काका, याचं पासिंग कधी झालं? वजनमापवाल्यांचा शिक्का दिसत नाही."

व्यापारी हसला. हमाल थांबले. दादा म्हणाला, "जाऊ दे नं माय." व्यापाऱ्यानं हसत हसतच माझ्याकडं पाहिलं, कारण दर दिवाळीला तो माझ्याकडं पाव पानाची जाहिरात देतो, फोटोसकट, शेतकरी बांधवांना हार्दिक शुभेच्छा, आणि हाच काटा मी अठरा वर्षं गावोगावच्या अंगणात टांगलेला पाहतो आहे.

"सांग बावा तूच हिले," तो मला म्हणाला.

ती पेन उघडा धरून उभी होती. माझ्याकडं ती पाहत नव्हती, शिक्क्याची जागा पाहत होती.